शेवटच्या थेंबापर्यंत

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी एका पाण्याच्या मोटरचं पोट उघडून बसलो होतो. सकाळपासूनची ती तिसरी. वीज गेली की लोकांना मिस्त्री आठवतो, आली की ते विसरतात. तीस वर्षं हाच धंदा. ती म्हणाली, जनरेटर चालू होतोय पण करंट देत नाहीये. मी म्हणालो, उद्या बघू. ती म्हणाली, उद्या अंडी मेलेली असतील, आणि फोन ठेवला. रडून सांगितलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. तिने फक्त सांगितलं, म्हणून उठलो. ज्याची मोटर होती त्याने माझ्या नावाने काय काय म्हटलं असेल ते मला माहीत आहे.

पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. वीज सकाळी नऊला गेलेली. चौकातला ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि तो बदलायला माणसं कधी येणार हे देवालाही माहीत नव्हतं.

घरामागच्या शेडमध्ये तिचं अंडी उबवायचं मशीन आहे. जुनंच घेतलेलं, कपाटाएवढं. आत दोनशे चाळीस अंडी, आज सतरावा दिवस. एकविसाव्याला पिल्लं निघतात. तिने मशीनला घरातल्या सगळ्या गोधड्या गुंडाळल्या होत्या आणि फटीफटीतून गरम पाण्याच्या बाटल्या सारल्या होत्या. आजारी माणसाजवळ बसावं तशी ती त्या कपाटाजवळ बसली होती. काचेतला काटा बत्तीसवर आलेला. साडेसदतीस हवेत.

सात वर्षं ती एका कारखान्यात खोकी भरायला उभी राहिली. दहा दहा तास. पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या तेव्हा कारखान्याने स्टूल दिलं नाही, सल्ला दिला. मग तिने सोडलं आणि हे मशीन आणलं. नवरा दूर नोकरीला, फोनवर सगळ्यांना हो म्हणणारा. घरात ठरलं ते असं: एक खेप करून बघ. पिल्लं निघाली तर शेड तुझी. नाही निघाली किंवा काही बिघडवून ठेवलंस तर शेड रिकामी कर आणि परत कारखान्यात जा. हे ठरवलं तिच्या थोरल्या दिराने. त्याला आम्ही मुकादम म्हणतो. स्वतः काय काम करतो ते कोणी पाहिलेलं नाही, पण कामाला सगळ्यांना लावतो. त्याला तिथे गाडी उभी करायची होती.

तो दारातच खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, आलात का मिस्त्री, बघा जरा तुमच्या बहिणीचं कर्तृत्व.

मी जनरेटरची दोरी ओढली. इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झालं, आवाज स्वच्छ. म्हणजे दुखणं इंजिनाचं नाही, विजेच्या बाजूचं. सॉकेटला बल्ब लावला, काळाच राहिला. जास्त भाराने पडतं ते बटण पडलंय का पाहिलं, नव्हतं पडलं. मीटर लावलं, शून्य. मग बंद करून मागचं झाकण काढलं. पाठ इतकी भरून आली होती की चारही स्क्रू मी आडवा पडून काढले.

आणि आडवा पडल्या पडल्या मी धाकटीवर ओरडलो. काय काय लावलं होतंस याला? इस्त्री लावली होतीस का? शेगडी? ती म्हणाली, दादा, मशीनशिवाय काही नाही. मी म्हणालो, खोटं बोलू नकोस. मुकादम खुर्चीत जरा पुढे सरकला. त्याला तेवढंच हवं होतं.

आत सगळं ठीक दिसत होतं, याचाच मला राग आला. कार्बनचे तुकडे शाबूत, कड्यांवर नीट टेकलेले. तरी कड्या बारीक पॉलिश पेपरने पुसल्या. फिरणाऱ्या भागाची गुंडाळी मोजली, बरोबर. बाहेरची मोजली, बरोबर. लोखंडाला चिकटून कुठे शॉर्ट झालेली नाही. उरलं ते व्होल्टेज सांभाळणारं कार्ड. ते मोजून कळत नाही, बदलूनच कळतं. आणि आमच्यात एक सवय आहे, जे मोजता येत नाही त्याच्यावर खापर फोडायचं. मी जाहीर करून टाकलं की कार्ड गेलंय, दुकान लांब आहे, उद्या दुपारपर्यंत मिळेल.

धाकटीने एका बाटलीतलं पाणी बदललं. काटा एकतीसवर होता.

मी पाणी प्यायला बसलो. अंगात त्राण नव्हतं. मीटर मांडीवर होतं आणि मगाचा आकडा डोळ्यांपुढे होता. शून्य. साफ शून्य. मग कुठेतरी टोचलं. कार्ड गेलं तरी साफ शून्य येत नाही. जनरेटरच्या लोखंडात थोडी चुंबकशक्ती कायम मुरलेली असते, तेवढ्यावरच तो पहिला श्वास घेतो. कार्ड मेलं तरी दोन-तीन व्होल्ट दिसतात. मी त्या शून्याकडे बघितलं होतं आणि थकलेल्या माणसासारखा पुढे गेलो होतो. लोखंडच कोरडं झालं होतं. ते कोरडं होण्याचं एक कारण मला चांगलं माहीत आहे.

मी तिला हळूच विचारलं, काल वीज गेली होती तेव्हा हा बंद कसा केलास?

"तू शिकवलंस तसाच. पेट्रोलचा नळ बंद केला, आपोआप विझू दिला."

"तेव्हा अंड्यांचं मशीन लावलेलंच होतं?"

"हो. शेवटच्या थेंबापर्यंत. तेवढीच ऊब मिळते ना त्यांना."

दोन महिन्यांपूर्वी हा जनरेटर मीच तिला आणून दिला होता. नळ बंद करून आपोआप विझू दे, म्हणजे आत पेट्रोल साचून चिकटा होत नाही, हे मीच मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. त्याच्या आधी मशीनचा प्लग काढायचा, हे सांगायचं राहिलं. माझ्या हाताला ते इतकं सवयीचं की जिभेवर आलंच नाही. भार ओढत ओढत इंजिन विझलं की तो भार लोखंडातली उरलीसुरली शक्ती चाटूनपुसून नेतो. रोज नाही नेत. कधीतरी नेतो. काल नेली. मी सांगितलेलं अर्धं तिने अक्षर न बदलता पाळलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी तिला खोटारडी म्हणालो होतो.

इलाज पाच सेकंदांचा. बारा व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी. या जनरेटरला स्वतःची बॅटरी नाही, दोरीवर चालतो. माझी सायकल, तिला बॅटरी कुठली. बॅटरी होती ती अंगणातल्या मोटरसायकलमध्ये, मुकादमाच्या.

मी मागितली. तो उठला नाही. माझ्याकडे पाहून हसला. त्याच्या नव्या दोन मजल्यांची वायरिंग मला द्यायचं त्याने कबूल केलं होतं, तीन महिन्यांचं काम, आणि ते मी विसरलेलो नाही हे त्याला माहीत होतं.

"देतो की. पण आधी सांगा मिस्त्री, बिघडवलं कोणी? घरात उद्या विचारतील. तुम्ही जाणकार, तुमचा शब्द चालेल."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती काट्याकडे बघत होती.

अंड्यांचं मशीन जुनं आहे, त्याचा भार जास्त पडला, होतं असं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. असली वाक्यं आम्हा मिस्त्रींच्या तोंडात कायम तयार असतात, त्यात कोणाचंच वाकडं होत नाही. पण जुन्या मशीनवर ढकललं असतं तर मुकादम म्हणाला असता, जुनं मशीन घेतलं कोणी? आणि तिचीच मान पुन्हा खाली गेली असती.

"मी बिघडवलं," मी म्हणालो. "बंद करायची रीत हिला मी अर्धवट शिकवली. मगाशी हिला खोटारडी म्हणालो तेही चुकलो. घरात विचारलं तर हेच सांगा, आणि नाही सांगितलंत तर मी येऊन सांगेन."

तो म्हणाला, असा मिस्त्री मी माझ्या घराला हात लावू देईन का? मी म्हणालो, देऊ नका. एवढ्यात धाकटी माझ्या पिशवीतला पाना घेऊन अंगणात गेलीसुद्धा होती. मोटरसायकलचं बाजूचं झाकण काढताना तिने कोणाला विचारलं नाही. मुकादम उभा राहिला, दोन पावलं गेला आणि थांबला. तिला हात लावून अडवायची हिंमत त्याच्यात नव्हती.

तिने बॅटरी आणली, मी कार्डाची पिन काढून ठेवली. लाल वायर बॅटरीच्या अधिकला, काळी उण्याला, दुसरी टोकं कार्बनवर, लाल तिथे लाल. एक बारीक ठिणगी. पाच मोजले आणि सोडलं. पिन परत बसवली, दोरी ओढली. पहिल्या ओढीला काहीच नाही, माझ्या हातातच जोर नव्हता. दुसरी ओढ धाकटीने मारली. बल्ब आधी लालसर झाला, मग पिवळा, मग त्याच्याकडे बघवेना. मीटर दोनशे अठ्ठावीस.

अंड्यांच्या मशीनचा प्लग तिने लावला. पंखा फिरू लागला. एकतीस, आणि बराच वेळ एकतीसच. मी बॅटरी परत बसवून आलो तेव्हा तेहतीस झाले होते.

सदतीस व्हायला तास गेला. तेवढ्या वेळात तिने गोधडीखाली अंधार करून टॉर्चवर एकेक अंडं धरून पाहिलं. पहिली पाच गप्प. सहाव्यात काळी सावली जरा सरकली. तिने ते माझ्यापुढे धरलं. मला नीट दिसलं नाही, डोळे जळत होते, पण दिसलं म्हणालो. पुढची दोन पुन्हा गप्प. मग तिने बघणं थांबवलं. म्हणाली, उघडझाप केली की ऊब जाते. किती वाचली ते चार दिवसांनी कळेल.

निघताना तिने मला विटेचा तुकडा दिला. भिंत दाखवली.

"दादा, पूर्ण लिही. काही सोडू नकोस."

मी लिहिलं. आधी प्लग काढायचा. मग दोन मिनिटं रिकामा चालू द्यायचा. मग नळ बंद करायचा. तिने वाचलं आणि विचारलं, अजून काही राहिलंय? मी उभ्याउभ्या तीस वर्षांत हाताने काय काय केलं ते आठवत राहिलो. दोन गोष्टी अजून निघाल्या. त्याही लिहिल्या.