मेंढ्यामागे धावताना

लग्नघरात सगळ्यात जास्त बोलणी कोण खातं सांगू? नवरीची आत्या. मासे कमी पडले, आत्या कुठे तडमडली? ढोलवाले उशिरा आले, आत्या काय झोपली होती? आणि नवरीच्या खोलीची भिंत जराशी जरी उघडी दिसली, तर मग विचारूच नका. मेल्यावरसुद्धा लोक आठवण काढतात, ती रोखाया, म्हणजे मी, जिला साधी एक खोली सजवता आली नाही.

आमच्याकडे, नदी आणि समुद्राच्या मधल्या गेत न्दारच्या कोळीवस्तीत, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीची खोली फोटोंनी मढवतात. घरचे फोटो असून असणार किती? म्हणून घरोघर हिंडून उसने आणायचे, कुणाची आजी, कुणाचा मक्केहून आलेला काका, कुणाची डाकारला शिकवणारी मुलगी. जमिनीपासून छतापर्यंत, चौकटीला चौकट लावून. सासरच्यांनी उंबरा ओलांडला की त्यांना कळलं पाहिजे, पोरगी एकटीदुकटी नाही, अख्खी वस्ती तिच्या पाठीशी उभी आहे. लग्न उरकलं की ज्याचा फोटो त्याच्या घरी परत.

माझ्या भावाची, बिरानची मुलगी न्दुम्बे, तिचं लग्न ठरलं तेव्हा मी कंबर कसली. नदीच्या काठापासून समुद्राच्या काठापर्यंत एक घर सोडलं नाही. न्दुम्बे माझ्यामागे टोपली घेऊन. फोटो काय एकेक! कडक इस्त्रीचा नवा बूबू, म्हणजे आमचा पायघोळ झगा, कानात झुलणारं सोनं, शेजारी उसना रेडिओ, आणि तोंडं अशी, जशी काही सगळ्यांनी कडू काढा प्यायलाय. फोटोत हसायचं नाही, हा आमचा नियम. मी स्वतः अशीच बसलेय, एक हात गुडघ्यावर, दुसरा पर्सवर.

न्दुम्बेला ते फोटो बघून हसू आवरेना. आणि ती हसते कशी? मान मागे टाकून, एक डोळा मिटून, गाढव ओरडावं तशी. मी तिला किती वेळा बजावलं, "अगं, तोंड मिटून हसावं. उद्या डाकारची माणसं येणार. तुझी सासरची आत्या, ती सेलबेबाई, तिचं नाक आधीच आभाळाला लागलंय. असं हसलीस तर ती वऱ्हाड घेऊन परत जाईल."

"आत्या, मी हसते तशीच हसते. त्याला काय करू?"

"कुणावर गेलीस गं बाई तू? आमच्यात तर असं कुणी हसत नाही."

ती टोपली घेऊन चालू लागली.

संध्याकाळपर्यंत तीन भिंती भरल्या. चौथीवर, पलंगाच्या बरोबर वर, मी एक जागा मोकळी ठेवली होती. तिथे मशिदीतल्या इमामसाहेबांचा मोठा फोटो लावायचा माझा बेत होता. न्दुम्बे खोलीच्या मधोमध उभी राहून गोल फिरत सगळं बघत होती. मला वाटलं, खूश झाली पोरगी.

"आत्या," ती म्हणाली, "सगळी वस्ती आहे इथे. मासे कापणाऱ्या आयांच्या आया आहेत. माझी आई कुठे आहे?"

माझ्या हातातला खिळा खाली पडला.

किने, माझी वहिनी. न्दुम्बे पाठीवर बांधायच्या वयाची होती तेव्हा पावसाळ्यात तापानं गेली. तिचा फोटो नव्हता. दर ताबास्कीला, म्हणजे बकरी ईदेला, म्हणायची, या वर्षी नवा बूबू शिवला की जाऊन बसते कॅमेऱ्यासमोर. आणि दर वर्षी ते कापड कुणाला तरी देऊन टाकायची. एकदा तर माझ्याच अंगावर घातलं. "तू घाल गं, मी पुढच्या वर्षी." पुढचं वर्ष तिला मिळालंच नाही.

"मला तिचा चेहरा आठवत नाही," न्दुम्बे म्हणाली. "बाबांना विचारलं तर ते उठून होडीकडे जातात. उद्या सगळे येतील, विचारतील, नवरीची आई कुठली? मी काय इमामसाहेबांकडे बोट दाखवू?"

आणि शेवटी ती माझ्याकडे बघून हसली, पण ते तिचं नेहमीचं हसू नव्हतं. मला भडभडून आलं. मी बाहीला डोळे पुसले आणि तिथल्या तिथे ठरवलं की मापातेकडे जायचं.

आता हे मापाते प्रकरण सांगायला हवं.

मापाते न्जाय आमच्या वस्तीचा फोटोवाला. पडद्यासमोर बसवून काढायचा ते फोटो पोटासाठी. पण त्याला खरं वेड दुसऱ्याच फोटोंचं. कुणी नळावर भांडतंय, कुणी होडीच्या सावलीत घोरतंय, कुणी पोराला चोळून आंघोळ घालतंय, की हा कॅमेरा घेऊन हजर! बायका त्याच्यामागे झाडू घेऊन धावायच्या. असले फोटो विकत कोण घेणार? स्वतःच छापायचा आणि डब्यात भरून ठेवायचा.

तो आडनावानं न्जाय आणि मी दिओप. म्हणजे आमचं पूर्वजांपासून थट्टेचं नातं. दिओप दिसला की न्जायानं त्याला आपला गुलाम म्हणायचं, न्जाय दिसला की दिओपनं त्याला भातावर मरणारा भुक्कड म्हणायचं. मयतीतसुद्धा ही थट्टा सोडायची नाही आणि काही झालं तरी राग धरायचा नाही. आणि मी नेमका तोच धरून बसले होते.

झालं काय होतं, एका ताबास्कीच्या सकाळी आमच्या मेंढ्यानं दावं तोडलं आणि दोरीवर वाळत घातलेला माझा नवा बूबू चघळायला घेतला. मी केस विंचरायला बसलेले. अर्धे वेणीत, अर्धे आभाळात. अंगावर नुसता परकर आणि चोळी, हातात पळी. तशीच धावले. तोंडातून काय काय निघत होतं ते सांगायची सोय नाही. आणि मापातेनं फोटो काढला! नुसता काढला नाही, मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. वस्ती आठवडाभर पोट धरून हसली. मी दुकानात शिरले, फोटो ओढून काढला, माझं ते भुतासारखं थोबाड बघितलं, आणि टराटरा फाडला. पुन्हा कधी छापणार नाहीस, अशी आईची शपथ घ्यायला लावली.

त्या दिवसापासून मी मापातेशी अदबीनं बोलू लागले. हसू नका! आमच्यात याहून मोठी शिवी नाही. "सलाम, न्जायसाहेब. आपली तब्येत बरी ना?" न्जायाला एखाद्या दिओपनं असं म्हणावं, म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटावं. न्दुम्बे लहानाची मोठी झाली, पण माझी अदब काही सुटली नाही.

मी गेले तेव्हा म्हातारा अंगणात चटईवर बसला होता. बायको ताट घेऊन येत होती.

"सलाम, न्जायसाहेब. आपण कुशल ना?"

"आपली कृपा, रोखायाबाई. बसावं. काय सेवा करू?"

मी सांगितलं. किनेचा एखादा फोटो असेल, कुठल्याही गर्दीतला, कसलाही.

"शोधावं लागेल," तो ताटाकडे बघत म्हणाला. "डबे फार आहेत, डोळे राहिले नाहीत. सापडलाच तर आपल्याला निरोप धाडीन."

म्हणजे चला, निघा. माणूस चुकीचं काही बोलला नव्हता, आणि तरी मला कळलं की याच्या मनात घर केलंय माझ्या अदबीनं. मी उठले. दारापर्यंत गेले. मागे वळून बघते तर म्हातारा मासे-भाताचा लाडू वळतोय, लाडू कसला, नारळच! आणि तो अख्खा तोंडात. गाल फुगले, डोळे बाहेर आले.

"अरे हळू!" माझ्या तोंडून निघून गेलं. "भात काय पळून चाललाय? न्जायांच्या घरात ताटं तरी कशाला ठेवता रे, सरळ हंड्यात बसत जा की!"

त्याच्या बायकोच्या हातून तांब्या कलंडला. मापातेनं घास कसाबसा गिळला.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "ऐकलंस? रोखायानं मला भुक्कड म्हटलं!"

"ऐकलं," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीनं ऐकलं."

"किती वर्षांनी जीभ सुटली गं माझ्या गुलामाची!" म्हातारा रडत होता की हसत होता, देव जाणे. "ये, बस इथे. आधी जेव. दिओप लोकांना घरी खायला मिळत नाही, मला माहीत आहे."

मग जेवलो, आणि डबे उघडले. काय सांगू तुम्हाला! आमची अख्खी वस्ती त्या बिस्किटांच्या डब्यांत होती. नळावरची रांग. आरशाचा तुकडा धरून दाढी कातरणारा बिरान, जवान, डोक्यावर केस असलेला. गेलेली माणसं, पडलेली घरं. किनेही होती, पण कशी? नळावर पाठमोरी. भांड्यावर वाकलेली. एकात नुसतं कोपर. मी म्हटलं, हे तिचंच कोपर, भाजल्याचा डाग बघ. पण कोपर काय भिंतीवर लावायचं?

मग उशीखालून काढावा तसा मापातेनं एक पातळ डबा काढला आणि निगेटिव्ह उजेडाला धरली.

"शिव्या नंतर दे," तो म्हणाला. "आधी बघ."

तोच मेंढा, तीच पळी आणि तीच मी.

"मेल्या! आईची शपथ घेतली होतीस!"

"न छापण्याची घेतली होती, आणि पाळली. जाळायची नव्हती घेतली. रोखाया, तू फाडलास तेव्हा स्वतःचं थोबाड सोडून काही बघितलंस का त्यात?"

मी पुन्हा बघितलं. माझ्या मागे, दारात, मुसळाला टेकून किने उभी होती. पाठीवर न्दुम्बे, फडक्यातून नुसतं डोकं वर. आणि किने हसत होती. मान मागे टाकून, एक डोळा मिटून. ते हसणं मी विसरले कसे? रोज अंगणात ऐकलेलं हसणं! वर पुन्हा त्या पोरीला विचारते, कुणावर गेलीस.

मी तिथेच बसून ढसाढसा रडले. मापातेच्या बायकोनं माझी पाठ थोपटली.

"हवं तर तुला कापून टाकतो," मापाते हळूच म्हणाला. "नुसती किने ठेवू."

शपथेनंतर त्यानं पुन्हा प्रत काढली नव्हती, म्हणून काळोख्या खोलीत जाऊन एक लहानशी काढली आणि माझ्या बाजूच्या अर्ध्या भागावर पुठ्ठा धरला. मेंढा गेला, पळी गेली, मी गेले. किने एकटी दारात उभी, रिकाम्या अंगणाकडे बघून खदखदतेय. वेडी वाटत होती बिचारी.

उद्या इमामसाहेबांची बायको येणार होती. सेलबेबाई येणार होती, नाकासकट. अख्खं डाकार मला परकरात बघणार होतं. मी पुठ्ठ्याकडे बघितलं, किनेकडे बघितलं.

"काढ तो पुठ्ठा," मी म्हटलं. "आणि मोठा कर. चांगला दाराएवढा कर, भुक्कडा."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका खोलीत शिरल्या आणि पलंगाच्या वर बघून थबकल्या. मी माझा सगळ्यात भारी बूबू घालून, ताठ मानेनं, बरोबर त्या फोटोखाली उभी. आधी कुणीतरी खुसखुसलं. मग बांध फुटला. आमच्या गेत न्दारच्या बायका, त्या काय तोंड मिटून हसणार?

सेलबेबाईनं चष्मा लावला. "ही कोण म्हणायची, पळीवाली?"

"मी," मी म्हटलं. "नवरीची आत्या. आणि मागे हसतेय ती नवरीची आई."

न्दुम्बेला फोटो आम्ही आधी दाखवला नव्हता. तिला आत आणलं तेव्हा सगळ्यांनी वाट करून दिली. ती जवळ गेली. किती तरी वेळ बघत राहिली. हात वर करून किनेच्या मिटलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या डोळ्यावर.

"आत्या," ती म्हणाली, "आई माझ्यासारखी हसायची?"

"तू तिच्यासारखी हसतेस, गाढवे."

मग तिची नजर माझ्यावर गेली, म्हणजे फोटोतल्या माझ्यावर. केस, परकर, वासलेलं तोंड. आणि तिनं मान मागे टाकली आणि हसली, अशी हसली की बाहेर बसलेला बिरान धावत दारात आला. त्याला वाटलं, किनेच हसली. भिंतीकडे बघून तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि या वेळी होडीकडे गेला नाही. सेलबेबाईचं म्हणाल, तर नाक खाली आलं आणि तिनंही शालीचं टोक तोंडाला लावलं.

लग्न झालं. टोपली घेऊन मी घरोघर फोटो परत केले. तो एक तेवढा राहिला. न्दुम्बे तो मांडीवर घेऊन गाडीत बसली ती थेट डाकारपर्यंत, आणि बैठकीच्या खोलीत, दाराच्या समोर लावला. येणारा-जाणारा विचारतो, ही कोण बाई, मेंढ्यामागे धावणारी? ती सांगते, माझी आत्या, आईला हसवतेय.

मी तिच्याकडे गेले की आधी डोक्याचा रुमाल नीट बांधते, आणि मग त्या फोटोखाली जाऊन बसते.