बाळ्या दिसला, तीच गाडी

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पण चौकात ऐटीत उभं राहून डोक्यावर कबुतरं बसवून घेणाऱ्यांपैकी मी नव्हे. नव्याकोऱ्या गाड्या माझ्या अंगावर धावून येतात आणि मी जागचा हलत नाही, हे माझं काम. पळणार तरी कसा? माझ्या पोटात स्पंज आहे, पायांत स्पंज आहे आणि खरं सांगायचं तर डोक्यातही तोच आहे.

कारखान्यात मला बेतलं तेच सात वर्षांच्या मुलाएवढं. हातपाय असे जोडले की धक्का बसला तर सुटावेत आणि पुन्हा बसवता यावेत. मग माझी रवानगी गाड्यांची परीक्षा घेणाऱ्या केंद्रात झाली. तिथे एक लांबलचक रस्ता आहे, जो कुठेच जात नाही. रस्त्याच्या कडेला एक जुनी व्हॅन कायम उभी असते. मी सरकत्या पट्ट्यावर उभा राहून त्या व्हॅनच्या आडून अचानक रस्त्यात यायचं आणि समोरून येणाऱ्या गाडीनं मला पाहून आपणहून ब्रेक लावायचा, अशी ती परीक्षा. चालकानं मधे काही करायचं नाही.

गाडी चालवायच्या त्या ताई. समोर मूल आलं की कुणाचाही पाय आपोआप ब्रेकवर जातो. तसा तो जाऊ नये म्हणून ताई उजवा पाय मागे, सीटखाली दुमडून बसायच्या. मी स्पंजाचा आहे हे ठाऊक असूनही दर वेळी त्यांचे डोळे घट्ट मिटलेले मला काचेतून दिसायचे. गाडी थांबली की त्या हुश्श करायच्या. "वाचलास रे बाबा," असं म्हणून माझा गाल थोपटायच्या.

आणि माझी देखभाल करायचे ते काका. माझं नाव बाळ्या ठेवलं ते त्यांनीच. एखाद्या दिवशी माझं मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे पडायचं. मग काका मला मांडीवर घेऊन जोडत बसायचे आणि गप्पाही मारायचे. त्यांची नात माझ्याच उंचीची. घरी तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती चालताना कुणी पाहिलीच नव्हती. फाटकाशी गाडी वाजली की ही बाहेर धावलीच.

एकदा माझी तुमान दोन्ही मांड्यांवर उसवली. स्पंज बाहेर डोकावू लागला. काकांनी घाईत चंदेरी, चकचकीत चिकटपट्टी घेतली आणि माझे दोन्ही पाय गुडघ्यापासून कमरेपर्यंत मायेनं गुंडाळले. "आता कसा राजबिंडा दिसतोस!" ते म्हणाले. मलाही ते पटलं. स्तुती कुणाला आवडत नाही?

पुढे थोड्याच दिवसांनी दोन कंपन्यांच्या दोन गाड्या एकमेकींशी ताडून पाहायला आल्या. एक निळी, एक पांढरी. निळी भारी शालीन. रस्त्यावर आखलेला आपला पट्टा सोडून बाजूला गेलं तर हळूच चाक वळवून परत आणायची, पुढच्या गाडीपासून अंतर राखायची. मला पाहून तर अशी अलगद थांबायची की माझ्या अंगावर वारासुद्धा येऊ नये. पांढरी मात्र आक्रस्ताळी. रेषेला चाक लागलं की किंचाळ, चालकानं जांभई दिली की किंचाळ, कधी झाडाच्या सावलीलाही घाबरून कचकन थांब.

"ही गाडी नाही हो काका, आमच्या शाळेतल्या बाई आहेत," ताई कानांवर हात ठेवून म्हणाल्या. "जांभई दिली तरी उभं करतात!"

गुणांच्या फळ्यावर निळी पुढे गेली. काकांना तेच हवं होतं, कारण त्यांच्या लेकीला गाडी घ्यायची होती आणि जावयानं निवड सासऱ्यांवर सोपवली होती. काकांचं गणित सरळ होतं. "ज्या गाडीला आमचा बाळ्या नीट दिसेल, ती भिंगरीच्या दारात," ते सगळ्यांना सांगायचे. निळी ठरली आणि गाडी घरी आणायचा दिवसही ठरला.

त्याच दिवशी सकाळी काका कामावर आले ते एक जांभळी विजार घेऊन. भिंगरीनं खेळताना ती गुडघ्यावर फाडली होती आणि काकांनी शिवून माझ्यासाठी आणली होती. "किती दिवस उघड्या पट्ट्यांनी फिरणार तू?" असं म्हणत त्यांनी ती मला चढवली. माझे कपडे ठरलेले असतात, ते असे बदलायचे नसतात. पण काकांना सांगणार कोण? ताई तर हसून म्हणाल्या, "शोभतेय हो!"

मग निळीची शेवटची फेरी सुरू झाली. मी व्हॅनच्या आडून निघालो. निळी आली, आली आणि आलीच.

आभाळ दिसलं, मग गवत दिसलं. माझं डोकं गवतातच पडून राहिलं. ताई धावत आल्या आणि ते उचलून छातीशी धरलं. "काका, ती थांबलीच नाही हो! मी पाय काढेपर्यंत…" काकांच्या हातात माझा एक पाय होता, चिखलानं माखलेल्या जांभळ्या विजारीतला. ते त्याच्याकडे बघत नुसते उभे राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते माझ्या स्पंजाच्या डोक्यालाही कळलं.

इंजिनियरनं गाडी तपासली. गाडी ठणठणीत होती. मग बदललं काय? बदललो होतो मीच. काकांनी मला जोडलं आणि विजार काढली. निळी आली आणि अलगद थांबली. मग त्यांनी माझ्या पट्ट्यांवर साधं कापड गुंडाळलं. निळी पुन्हा माझ्यावरून गेली. त्याच कापडात पांढरीसमोर उभं केलं, तर ती लांबूनच किंचाळली आणि कचकन थांबली.

काका रस्त्यातच खाली बसले. "ताई, हिला आपला बाळ्या कधी दिसलाच नव्हता. हिला माझी चकचकीत पट्टी दिसत होती. आमच्या भिंगरीच्या पायाला कुठे पट्टी आहे?"

त्यांनी लगेच लेकीला फोन लावला. आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला.

"बाबा, आम्ही शोरूममध्येच आहोत. किल्ली घेतोय. तुमची नात आत जाऊन बसलीसुद्धा!"

"तिला खाली उतरव, बाळा. किल्ली घेऊ नकोस."

"अहो, पण तुम्हीच तर म्हणालात…"

"मीच म्हणालो आणि मीच चुकलो. माझ्या चिकटपट्टीनं ती पास झाली गं. आधी उतरव तिला."

पलीकडून गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे काकांनी श्वास सोडला.

केंद्राच्या साहेबांनी फळा पुसला. पट्टी लावल्यापासून माझ्यासमोर आलेल्या सगळ्या गाड्या पुन्हा परीक्षेला बोलावल्या. माझे पाय साध्या दोऱ्यानं शिवले गेले. निळीवाल्यांनी आपल्या गाडीला पुन्हा शिकवलं. नंतर ती आली तेव्हा साध्या कपड्यांतल्या मलाही ओळखून थांबली, आणि मला तिचं कौतुक वाटलं. पण भिंगरीच्या दारात गेली ती पांढरी. तिच्या किंचाळण्यानं शेजारी वैतागले, तर काका म्हणाले, "ओरडू दे. ओरडतेय म्हणजे जागी आहे."

आता माझ्या जागी चालताना पाय हलवणारा नवा पुतळा आलाय. मी सामानाच्या खोलीत, जुन्या टायरांशेजारी धूळ खात उभा असतो. वाईट वाटतं कधी कधी. कुणी गाल थोपटत नाही.

मित्रांनो, गाडी कितीही शहाणी झाली तरी आपण तिला दिसतोच, असं समजून रस्त्यात धावू नका. घरातल्या मोठ्यांनाही सांगा की पाय दुमडून बसायचं काम फक्त ताईंचं, त्यांनी आपला पाय ब्रेकजवळच ठेवावा. माझी मान निखळली की काका ती बसवायचे. असे काका फक्त पुतळ्यांनाच मिळतात.

काका आता निवृत्त झालेत, पण मला भेटायला येतात आणि भिंगरीला बरोबर आणतात. पहिल्यांदा आली तेव्हा ती माझ्या पाठीला पाठ लावून उभी राहिली होती आणि आमची डोकी बरोबर एका रेषेत आली होती. परवा पुन्हा आली. माझ्या डोक्यावरची धूळ झाडायला तिला चक्क वाकावं लागलं.

"अय्या आजोबा, हा अजून एवढासाच?" ती म्हणाली.

"हो गं," काका म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. "त्यानं तसंच राहायचं. वाढायचं तू."