तुळसाची गच्ची

“एकच थर, पण असा बसतो की दहा वर्षं बघायला नको,” कंत्राटदार वर्तक म्हणाले आणि त्यांनी डांबर पाजलेल्या काळ्या, जाड फेल्टचा गुंडाळा गच्चीवर पायानेच उलगडला.

ओव्हरसियर आनंद प्रधान वाकून फेल्टवरून बोट फिरवत होता. शेजारून घमेलं घेऊन जाणारी मजूरबाई थबकली.

“फुगंल त्ये,” ती म्हणाली.

वर्तकांनी वळून पाहिलं. “काय गं?”

“एक थर फुगतो. ऊन लागलं का पुऱ्या येतात. मंग पाय पडला का फुटतात.”

“पुऱ्या तुझ्या घरी तळ जा.”

बरोबरची माणसं हसली. बाईने डोक्यावरचं घमेलं सावरलं आणि ती पुढे गेली.

प्रधान हसला नाही. कल्याण स्टेशनजवळची ही दुमजली इमारत कापड दुकानदारांच्या सोसायटीची होती. खाली दुकानं, वर गोदाम. गेल्या पावसाळ्यात सपाट छपरातून पाणी झिरपलं आणि गोदामातल्या गाठींना बुरशी लागली. स्लॅब त्याच्याच देखरेखीखाली पडलेला. आता त्यावर डांबराचं कोणतं काम करायचं हेही त्यानेच ठरवायचं होतं. नुसत्या डांबराचे दोन हात मारायचे, वर्तकांचा एकथरी फेल्ट घ्यायचा, की फेल्टचे तीन थर, मधे उकळतं डांबर आणि वर बारीक खडी? माहितीपत्रकांत तिन्ही पद्धती सारख्याच उत्तम होत्या. चेअरमन गुप्त्यांनी मात्र एकच गोष्ट सांगितली होती, “प्रधान, यंदा थेंब पडला तर दुसरी नोकरी बघा.”

दुपारच्या सुटीत प्रधान त्या बाईला शोधत गेला. ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत भाकरी खात होती. शेजारच्या चिकणघरची तुळसा. वय चाळिशीचं, अंग काटक. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा जुना, चकाकणारा वण होता.

“पुऱ्या येतात हे तुला कोणी सांगितलं?” त्याने विचारलं.

“सांगल कोन? बघितलं ना. लढाईच्या टायमाला मिल्ट्रीच्या कँपात तीन वर्सं डांबर वाह्यलं मी. आमचा घरधनी भट्टीवर व्हता. मोठा कारागीर. त्याला हिवताप आला नि निम्मी मानसं बी पडली, तवा त्याचा कुंचा मी घेतला. गोरा सायेब पयला वरडला. मंग गप बसला.” तिने भाकरी फडक्यात बांधली. “घरधनी त्याच तापात गेला.”

प्रधान तिच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, “तुम्ही केलेलं छप्पर अजून आहे कुठे?”

“चला, दावते.”

रविवारी ती दोघं कँपात गेली. बराकींत आता सिंधी निर्वासितांची कुटुंबं राहत होती. तुळसा त्याला एका पक्क्या, सपाट छपराच्या कोठारापाशी घेऊन गेली. दारात पापड वाळत घालणाऱ्या म्हातारीला प्रधानने हिंदीत विचारलं, पावसात गळतं का?

“एक बूंद नहीं, बेटा,” म्हातारी म्हणाली. “आसमान से सब कुछ गिरा हम पर, पानी नहीं गिरा.”

प्रधान शिडीने वर चढला. खडीखालचा फेल्ट दहा वर्षांनंतरही कठड्याच्या भिंतीला घट्ट धरून होता. कडेला तो वळवून वीतभर वर नेलेला होता आणि भिंतीत खाच पाडून त्याचं टोक आत बसवलेलं होतं.

“पानी मधनं शिरत नाय सायेब, कडेनं शिरतं,” तुळसा खालून म्हणाली.

सोसायटीच्या बैठकीत प्रधानने हे सांगितलं तेव्हा वर्तक उसळले. “मजूरबाईच्या सल्ल्याने छप्पर घालणार? मग घ्या परीक्षा! गच्चीचा एक तुकडा माझा, शेजारचा तिचा.”

गुप्ते व्यापारी माणूस. ते म्हणाले, “मान्य. दोन्हीकडे पाणी कोंडा. जे टिकेल ते करू.”

वर्तकांच्या माणसांनी सकाळी गच्ची धुतली आणि दुपारी फेल्ट चिकटवून ती मोकळी झाली. तुळसाने आपल्या भागाला दोन दिवस हातच लावू दिला नाही. “सिलाप सुकू दे. आत ओल ऱ्हायली तर तीच वाफ होऊन फुगते.” तिसऱ्या दिवशी तिने उताराच्या खालच्या बाजूने सुरुवात केली, कौलं घालतात तशी, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर चढवत.

आठ दिवस मे महिन्याचं ऊन खाऊ दिल्यावर वर्तकांच्या काळ्या फेल्टवर सहा-सात फुगवटे दिसू लागले. “त्याने काही होत नाही,” वर्तक म्हणाले. दोन्ही भागांच्या मधे विटांचा बांध घालून पाणी भरण्यात आलं.

चौथ्या दिवशी गोदामाच्या छतावर ताटाएवढा ओला डाग उमटला. नेमका बांधाच्या खाली.

सगळी कमिटी माना वर करून उभी राहिली. वर्तक शांतपणे म्हणाले, “डाग तिच्या बाजूला सरकलेला दिसतोय. तीन थर, आणि ही कथा!”

प्रधानने तुळसाकडे पाहिलं. ती बराच वेळ डागाकडे बघत होती.

“सायेब, नील मिलंल का? धोतराला घालतात ती.”

कापडाच्या इमारतीत निळीला काय तोटा? खालच्या दुकानातून दोन पुडे आले. तुळसा वर गेली आणि सगळ्यांच्या देखत तिने दोन्ही पुडे वर्तकांच्या बाजूच्या पाण्यात ढवळले. ते पाणी गर्द निळं झालं. बांधाच्या पलीकडचं तिचं पाणी होतं तसंच नितळ राहिलं.

“आता उद्या बघा,” ती म्हणाली.

त्या दिवशी प्रधानला डोंबिवलीच्या घरी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आधीच तो गोदामात पोचला, तर गुप्ते त्याच्याही आधी येऊन उभे होते. त्यांनी काही न बोलता वर बोट केलं.

पांढऱ्या छतावर डाग स्वच्छ निळा उतरला होता. डागाच्या पलीकडे तुळसाच्या बाजूचं छत शेवटपर्यंत खडखडीत कोरडं होतं.

वर्तक आले, त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, “फेल्ट माझाच घ्या. थर ती घालू दे.”

“मुकादम म्हणून,” प्रधान लगेच बोलला. “माणसं तिच्या हाताखाली.”

गुप्त्यांनी मान हलवली. “तुळसाबाई, पावसाच्या आत होईल?”

“मानसं ऐकनारी द्या. व्हईल.”

माणसांनी ऐकलं. पहिल्या दिवशी थोडी कुरबुर झाली, पण भट्टीतून पिवळा धूर निघताच ती जिन्यावरून ओरडली, “आग काढा! जळलं डांबर, वता त्ये!” आणि एक अख्खं पिंप तिने फेकायला लावलं. त्यानंतर कोणी कुरकुरलं नाही. गच्चीभर वाफा उठत होत्या, कुंचे सपासप चालत होते. पदर खोचून तुळसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होती, सांधा दिसला की वाकून अंगठ्याने दाबून बघत होती. त्या आठवड्यात प्रधानने तिला पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

शेवटचा थर पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्ते कमिटीला घेऊन काम पाहायला आले. खडी अजून पसरायची होती. जिन्याच्या तोंडाशी तुळसा उभी होती.

“मालक, फेल्ट उघडा हाय. बुटाचे खिले लागतील.”

कमिटीची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. गुप्ते पायरीवर बसले, बुटांच्या नाड्या सोडू लागले. बूट कडेला ठेवून मोज्यांनिशी ते काळ्याभोर गच्चीवर उतरले आणि जपून, एकेक पाऊल टाकत चालू लागले. त्यांच्या मागे बाकीचेही आले.

तुळसा बाजूला झाली आणि सगळे वर येईपर्यंत जिन्याचं दार धरून उभी राहिली.