साखरबाईचा किलो

मित्रांनो, मी एक जुना किलो आहे. म्हणजे एक किलोचं लोखंडी वजन. सहा कोनांचा, काळा, खाऱ्या हवेने कडांना गंज चढलेला. हल्ली मासळी आकडे दाखवणाऱ्या काट्यावर तोलतात, त्यामुळे तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. पण मी खोटं बोलत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी ओतला गेलो कुठल्याशा कारखान्यात, पण जगायला लागलो ते साखरबाईच्या हातात. तारापूरजवळच्या कोळीवाड्यातली ही बाई पहाटे मासळी घ्यायची आणि बोईसरच्या बाजारात पाटी मांडून बसायची. दर दोन वर्षांनी ती मला तपासणीला न्यायची. खाऱ्या पाण्याने मी थोडा झिजलेला असे. मग माझ्या बुडाच्या भोकात शिसं भरून माझं वजन पुरं करत आणि वर सरकारी शिक्का मारत. परतताना साखरबाई मला मांडीवर घेऊन रिक्षात बसायची. "माजा किलो पास जाला!" असं साऱ्या बाजाराला सांगायची. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

साखरबाईचा एक नेम होता. पाटीपुढे कुणी "धंदा कसा हाय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "मस्त हाय!" दुपार उलटून कोलंबी तशीच पडलेली असली, तरी मस्तच. पाटीवर बसून रडगाणं गायलं की लक्ष्मी उठून जाते, असं तिच्या सासूने सांगितलं होतं, आणि तिच्या शेजारच्या बायाही ते पाळत. मला ती एकच गोष्ट खटकायची, कारण पाटीत किती उरलंय ते मला दिसत असे.

मागच्या वर्षी साखरबाईच्या पोटात गाठ निघाली. पाटी बंद झाली. घरात ती आणि तिची मुलगी रूपल, दोघीच. रूपल बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होती, आईपायी तेही सुटलं. मला खाटेशेजारी जागा मिळाली. साखरबाईचा आवाज बसला होता, म्हणून काही हवं असलं की ती मला फरशीवर आपटायची आणि रूपल धावत यायची. एरवी मी रूपलच्या कागदांवर बसून असायचो, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. कागद तरी किती! रेशनकार्ड, आधार, तपासण्यांचे रिपोर्ट आणि या सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गरिबांसाठी राखलेली खाट साखरबाईला मिळणार होती. महिन्याभरात गाठ काढली तर आशा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यासाठी हवा होता उत्पन्नाचा दाखला. रूपलने अर्ज केला आणि चौकशीला तलाठी घरी आले. रूपल नेमकी औषध आणायला गेली होती. तलाठी तसे भले गृहस्थ. खाटेजवळ वाकून त्यांनी आपुलकीने विचारलं, "काय मावशी, धंदा कसा आहे?"

साखरबाईने उशीवरून मान उचलली. "मस्त हाय, सायेब! दिसाला दोन हजाराची मासली खपते माजी."

तलाठ्यांनी लिहून घेतलं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

दाखला आला तो चांगल्या भरभक्कम उत्पन्नाचा. इस्पितळाने खाट नाकारली. रूपलने दाखला वाचून आईपुढे धरला. "आये, ह्या काय केलंस गो?"

"मंग काय, भिकारीन हाय म्हनून सांगू?" साखरबाई म्हणाली. पण तिचा चेहरा पडला होता.

त्या दिवसापासून रूपलच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका खिडकीवर प्रतिज्ञापत्र मागत, दुसरीवर नवा अर्ज, तिसरीवर साहेब दौऱ्यावर. "आज नको जाव," साखरबाई सकाळी म्हणायची. "तुज्यासाठीच जाते ना गो," म्हणत रूपल पिशवी उचलायची. मागे साखरबाई मला आपटत राहायची. शेजारची शैला हातातलं काम टाकून यायची, पाणी द्यायची. पण तिला पाणी नको असायचं, रूपल हवी असायची. मला ते कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

महिन्याचे चार दिवस उरले तेव्हा फेरचौकशी लागली. तेच तलाठी आले. साक्षीला शैला बसली. "मावशी, पहिला जबाब तुमचा आहे," तलाठी म्हणाले. "आता खरं काय तेही तुमच्याच तोंडून आलं पाहिजे."

साखरबाईचा हात माझ्यावर होता. ती म्हणाली, "रूपल, किलो भायेर नेऊन ठेव. पाटीवरचा हाय तो, त्याच्यासमोर रडगाना नाय गायाची मी."

रूपलने मला ओटीवर आणून ठेवलं. तरी दारातून ऐकू आलंच. "लिवा, सायेब. पाटी बंद हाय. वरीस जाला. पोरीचा काम बी सुटला, तिच्या साठवलेल्या पैशांवर खाते मी." नंतर अंगठा घेतल्याचं तलाठी म्हणाले.

नवा दाखला तिसऱ्या दिवशी मिळाला आणि इस्पितळाने खाट दिली. रूपलने मला परत खाटेशेजारी ठेवलं होतं, पण त्या तीन दिवसांत साखरबाईने मला एकदाही हात लावला नाही. तहान लागली तरी ती भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहायची. काल सकाळी रुग्णवाहिका आली आणि दोघी मुंबईला गेल्या. मुदतीचा शेवटचा दिवस होता. गाठ निघेल का, साखरबाई परत येईल का, मला ठाऊक नाही. मला फार भीती वाटते आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी अशा चौकशीला जाल. तेव्हा खाटेवरचं माणूस नीट बघा, कोपऱ्यात उपडी पडलेली पाटी बघा, आणि जे दिसतं ते लिहा. जन्मभर ताठ मानेने पाटीवर बसलेल्या बाईकडून ते वदवून घेऊ नका.