सत्तावीस खिशांचा सिनेमा

आमच्या चित्रपट मंडळाच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर एकच पान मावतं आणि बावीस वर्षं ते पान माझं होतं. शनिवारी सिनेमा, सोमवारी माझं परीक्षण. मी निवृत्त कारकून. तो फळा गेला तर मला काळं कुत्रंही विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग एका आठवड्यात मला ताप आला. परीक्षण अर्धवट राहिलं, म्हणून बायकोनेच एक लिहून लावलं. ती घरी कपडे शिवते. सिनेमा होता अमेरिकन, अंतराळातला. तिने लिहिलं: ‘अंतराळवीरांच्या कपड्यांना सत्तावीस खिसे आहेत, मी मोजले. एकातही कोणी हात घातला नाही. ज्याला खिसा कळला नाही, त्याला अंतराळ काय कळणार?’

मी बरा झालो, तर लोक विचारायला लागले, “वहिनींचं कुठंय?” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढे पुढे लोकच तिच्याकडून चिठ्ठी लिहून घ्यायचे आणि सरळ माझ्या पानावर टाचायचे. माझं ‘आशय आणि अवकाश’ छापाचं परीक्षण खाली गुदमरत पडलेलं.

स्पॅनिश भयपट: ‘भुताच्या झग्याची खालची कड झिजलीय. म्हणजे ते चालतं, तरंगत नाही. भीती गेली.’

फ्रेंच मूकपट: ‘बाई नदीत पडून वर आली तरी झग्याची इस्त्री मोडली नाही. मग मी कशाला रडू?’

जपानी तलवारबाजीचा: ‘दहा जण मेले, मला काही वाटलं नाही. अकराव्याच्या बाहीला ठिगळ होतं, बारीक टाक्यांचं. त्याच्या घरी कोणीतरी आहे. तो मेला तेव्हा रडले.’

हे शेवटचं मी दोनदा वाचलं. पण हार कोण मानतो?

अखेर आमचे अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, म्हणाले, “या शनिवारी दोघंही लिहा. मी सगळ्यांसमोर वाचतो. ज्याला जास्त हात, त्याचा फळा.”

सिनेमा जुना, प्रेमाचा. लग्न ठरल्यावर आम्ही दोघांनी पाहिलेला पहिला सिनेमा! त्यावर मी आजवर अकरा लेख लिहिलेत. मला वाटलं, मैदान मारलं.

डॉक्टरांनी आधी माझी चार पानं वाचली. दोघांनी जांभया दिल्या. मग तिची चिठ्ठी:

‘हा सिनेमा मी पूर्वी पाहिलाय, पण त्यातलं काही आठवत नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या शर्टाचं दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. आता पडेल, मग पडेल, म्हणून अडीच तास मी तिकडेच बघत होते. तो पडद्याकडे बघत होता. आज नीट पाहिला. सिनेमा बरा आहे.’

सभागृहात कोणी हसलं नाही. मला फार लाज वाटली आणि तितकाच आनंदही झाला. अकरा लेख लिहिले, पण त्या दिवशी शेजारी काय चाललं होतं ते मला आज कळत होतं.

“वहिनींच्या बाजूने कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांत आधी माझा हात वर गेला, अगदी ताठ.

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती हळूच म्हणाली, “अहो, हात खाली घ्या. काखेत उसवलंय.”