रणगाड्याचं डोकं

लहानू मेश्राम यांनी आयुष्यात दोनच गोष्टींना कधी नावं ठेवली नाहीत, एक सागवानाला आणि दुसरी स्वतःच्या हाताला. बाकी जगात त्यांना सगळीकडे खोट दिसायची. त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. रायपूरच्या भनपुरी भागातल्या एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फाउंड्रीत त्यांनी पॅटर्न मिस्त्री म्हणून अडतीस वर्षं काढली होती. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओततात, पण तो साचा उठवायला आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो. तो नमुना घडवणारा माणूस म्हणजे पॅटर्न मिस्त्री. असा माणूस निवृत्त झाला तरी ताटातली भाकरीसुद्धा नजरेने मोजतो. सरलाबाईंनी हे सगळं संसारभर सोसलं होतं.

त्यांची एकुलती एक लेक शर्मिष्ठा चौतीस वर्षांची. नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात ती नकाशे काढायची आणि सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लोटून रणगाडे बनवायची. वीतभर लांबीचे, अगदी खऱ्यासारखे. चिमट्याने एकेक कडी चिकटवायची, चिखलाचे शिंतोडे ब्रशने उडवायची, गंज रंगवायची. लहानूंना हा प्रकार पहिल्या दिवसापासून पटला नव्हता.

"चौतीस वर्षांची पोट्टी खेळणे बनवून राहिली," ते सरलाबाईंना ऐकवायचे, आणि आवाज बंद दारापर्यंत जाईल एवढा ठेवायचे.

या खेपेला तिने टी-५५ रणगाड्याचा संच घेतला होता. खोक्यात आलेलं त्याचं टरेट, म्हणजे तोफ धरून गरगर फिरणारं रणगाड्याचं डोकं, तिला गुळगुळीत आणि खोटं वाटलं. म्हणून तिने परदेशातून रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या रसात, ओतलेलं वेगळं टरेट मागवलं. चार महिन्यांनी ते आलं. आणि तेवढ्यात नागपुरात भरणाऱ्या मॉडेल-प्रदर्शनात तिची प्रवेशिका मंजूर झाली. इतक्या वर्षांत तिने आपलं काम कुणालाच दाखवलं नव्हतं, हे पहिल्यांदा. प्रदर्शनाला तीन आठवडे होते. ही बातमी तिने आईला सांगितली. बाबांना नाही. लहानूंनी ती भिंतीआडून ऐकली आणि दिवसभर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

मंगळवारी ती कामावर गेल्यावर ते तिच्या खोलीत शिरले. नुसतं बघायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. टेबलावर मलईच्या रंगाचं ते टरेट ठेवलेलं. त्यांनी उचलून उजेडात फिरवलं. कुठे बुडबुडा नाही, कुठे रस कमी पडलेला नाही. काम चांगलं होतं आणि ते त्यांना मनातल्या मनात मान्य करावं लागलं. मात्र बुडाशी रेझिनचा जाड ठोकळा तसाच चिकटलेला होता. साच्यात रस ज्या वाटेने जातो तिथे मागे उरणारा हा भाग. फाउंड्रीत त्याला रनर म्हणतात. रनर न काढता माल दोन दिवस पडून राहिला तर लहानू अख्खी पाळी डोक्यावर घ्यायचे. बिडाचा रनर काढायला लागतंच काय? योग्य जागी हातोडीचा एक टोला, की मोकळा.

पेटीतली छोटी हातोडी त्यांनी आणली आणि योग्य जागी एक टोला दिला.

आवाज वेगळाच आला. टरेटचे तीन तुकडे झाले आणि वरच्या झाकणाचा तर भुगाच झाला. रेझिनचा रनर बारीक करवतीने, हळूहळू कापायचा असतो, हे त्या घरात ज्या एका माणसाला ठाऊक होतं ती शर्मिष्ठा नव्या रायपुरात बसली होती.

सरलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "आता?"

"आता काय. सांगतो तिले."

लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने बोललं पाहिजे. तुकडे स्टीलच्या वाटीत घालून ते संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिले. शर्मिष्ठा आली, तिने वाटी पाहिली, मग बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ती रागावली की हिंदीत बोलायची.

"रहने दो, बाबा. अब क्या। नागपुर तो गया।"

ती ओरडली असती तर लहानूंना बरं वाटलं असतं. ती आत गेली आणि दाराला पहिल्यांदाच आतून कडी लागली. पुढचे चार दिवस "खाना हो गया?" यापलीकडे तिने त्यांच्याशी शब्द काढला नाही. नवं मागवायचं तर पुन्हा चार महिने. घरात पोर आहे आणि आपल्याशी बोलत नाही, ही गोष्ट लहानूंना टोचत राहिली. शनिवारी सकाळी ते उठले आणि माळ्यावरून आपली पेटी काढली.

"काहून उतरवून राहिले ते धूड?" सरलाबाईंनी विचारलं.

"मी तोडलं, मीच बनवतो."

पेटीत पटाश्या, कानशी, लाकडी बुडाची छोटी गोल रंधी, सगळं जागच्या जागी होतं. सागवानाचा एक जुना तुकडा होता, वीस वर्षं वाळलेला. त्यांनी फुटके तुकडे मेणाने जुळवले, व्हर्नियरने मापं घेतली, कागदावर मांडली आणि लाकडाला हात घातला. व्हरांड्यात चार दिवस त्यांची बैठक चालली. हाताला कंप होता, पण पटाशी लाकडाला टेकली की तो थांबायचा. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते जरा वेळ हातच बघत बसले. शर्मिष्ठा सकाळ-संध्याकाळ बॅग घेऊन बाजूने जायची. ती थांबत नव्हती. तिसऱ्या दिवशी मात्र चप्पल घालायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

पुढचं काम भैय्यालाल साहूचं. फाउंड्रीत लहानू पॅटर्न द्यायचे आणि भैय्यालाल त्यावरून साचे उठवायचा; दोघं तीस वर्षं एकमेकांच्या चुका काढत जगले होते. फायबरच्या मूर्ती करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून तो साच्याचं रबर आणि रेझिन घेऊन आला.

"मिस्त्री, लोहा नइ हे, ठंडा माल हे. धीरे डालबो," तो आपल्या छत्तीसगढीत म्हणाला.

"मले शिकवतो का?"

"हव!"

अगदी दोऱ्यासारखी बारीक धार धरून त्यांनी रेझिन ओतलं. दुसऱ्या दिवशी रबर सोललं. टरेट अंगोपांगी उतरलं होतं. या वेळी रनर करवतीने कापला.

रविवारी सकाळी लहानूंनी ते शर्मिष्ठाच्या टेबलावर ठेवलं. तिने रणगाड्याचं धड पुढे ओढलं आणि टरेट त्याच्या गोल भोकावर टेकवलं. ते बसलं नाही. तिने फिरवून पाहिलं, हलकेच दाबून पाहिलं. झाकण दुसऱ्याच डब्याचं असावं तसं ते वरच्यावर डुगडुगत राहिलं.

लहानूंनी मोजलं. अर्ध्या मिलिमीटरने मोठं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं आणि त्यांचा चेहरा पडला. व्हरांड्यात जाऊन त्यांनी पेटीतली पितळी पट्टी आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

"ही सिकुडन-पट्टी," ते म्हणाले. "बीड थंड झालं का आकसते. म्हणून पॅटर्न आधीच मोठा करा लागते. या पट्टीवर फुटामागे एक सूत जास्त आखलेलं हाये, म्हणजे हिशेब करायचं कामच नाही. अडतीस वर्षं मी दुसरी पट्टी हातात धरली नाही." त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "रेझिन आकसत नाही. पण लाकडावर आखताना हात सवयीनं या पट्टीकडेच गेला. मग भैय्यालाल ठंडा माल हे म्हणाला, तरी ध्यानात आलं नाही. मी आता कामाचा राहिलो नाही, शर्मू. तुह्या वस्तूले हातच लावाले नव्हता पायजे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताला नावं ठेवली होती. सरलाबाई स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभ्या होत्या.

शर्मिष्ठाने पितळी पट्टी उचलली आणि शेजारी आपली स्टीलची पट्टी लावली. शून्यावर शून्य जुळवलं. पहिल्या रेघा बरोबरीने निघाल्या, पुढे एकेक रेघ मागे पडत गेली आणि शेवटी दोन्हीचा मेळच उरला नाही. नकाशांची माणूस ती. तिचे डोळे तिथेच अडकले.

"मतलब ये पट्टी गलत है?"

"गलत नाही. गरम बिडाच्या हिशेबानं एकदम बरोबर हाये."

तिला हसू आलं. दाबायला गेली, पण दबलं नाही. मग तिने ते न बसणारं टरेट हातात घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन हळूहळू फिरवलं. तिचं हसू थांबलं.

"बाबा, ही रेघ कशाची?"

ती मराठीत बोलली होती. लहानूंनी ते ऐकलं, पण ऐकलं असं दाखवलं नाही.

"जोडाची. खरं टरेट वाळूच्या साच्यात ओतलेलं ना? साचा दोन भागांचा. दोन भाग मिळतात तिथं अशी कड उठणारच. आणि इथं रनर कापलेला, तिथं घासल्याचा डाग पायजे. अंग बी थोडं खरबरीत, वाळूचं. तुह्या त्या परदेशी मालावर जोडाची रेघ घासून टाकली होती. म्हणून तर मले तो पुरता पटला नव्हता."

शर्मिष्ठाने फोनवर एका खऱ्या टी-५५चं चित्र काढलं आणि मोठं केलं. रेघ तिथेच होती. खरबरीत अंगही तसंच, आणि डागही लहानूंनी ठेवला होता त्याच जागी. रणगाडा लहानूंनी उभ्या जन्मात जवळून पाहिला नव्हता, पण तो कसा ओतला असेल ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ती बराच वेळ चित्राकडे आणि टरेटकडे आळीपाळीने बघत राहिली.

"आठ दिवस आहेत," ती म्हणाली. "अजून एक पॅटर्न होईल? या वेळी पट्टी मी धरते."

"होईल ना," लहानू म्हणाले. "काहून नाही होणार?" आणि उगाच सरलाबाईंवर चहासाठी ओरडले.

मग त्या घराची तऱ्हाच बदलली. शर्मिष्ठाने दोन दिवस रजा काढली. मापं तिची, पटाशी त्यांची. न बसणाऱ्या जुन्या टरेटचं कोरडं रेझिन त्यांनी घासून बघायला घेतलं तेव्हा तिने त्यांच्या हातून ते काढून घेतलं, तोंडाला मास्क बांधायला लावला आणि भुगा उडू नये म्हणून ओल्या कागदाने घासायला बसवलं. वर हातोडीही उचलून कपाटावर ठेवून दिली. लहानूंनी हा सगळा अपमान आनंदाने सोसला. पॅटर्न पुरा झाला तेव्हा ती म्हणाली, "आज माझ्याकडे राहू द्या. तपासून सकाळी देते." त्यांना ते खटकलं. त्यांचा माल आजवर कुणी तपासला नव्हता. पण दिला. सकाळी तिने तो कागदात गुंडाळून परत दिला तोच मुळी थेट भैय्यालालच्या हातात, आणि भैय्यालालही गुपचूप साचा करायला बसला. ओतलेलं टरेट तिने स्वतःच कापलं, रंगवलं आणि धडावर ठेवलं; या वेळी ते नीट बसलं.

नागपूरच्या प्रदर्शनात बक्षीस एका विमानाला मिळालं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पण एक परीक्षक, पांढऱ्या मिशांचे निवृत्त फौजी, शर्मिष्ठाच्या रणगाड्यापाशी बराच वेळ वाकून उभे राहिले. अशा ठिकाणी सुटे भाग कोणत्या कंपनीचे ते विचारायची पद्धत असते.

"टरेट कोणत्या कंपनीचं? असं ओतकाम मी कुठल्याच मॉडेलवर पाहिलं नाही."

शर्मिष्ठाने टरेट अलगद उचललं आणि उलटं करून त्यांच्यापुढे धरलं. मागे उभ्या असलेल्या लहानूंनाही ते दिसलं. आतल्या बाजूला, रनर कापलेल्या जागेच्या शेजारी, बारीक उठावदार अक्षरं होती: लहानू, रायपूर.

अडतीस वर्षांत त्यांनी हजारो पॅटर्नवर अक्षरं बसवली होती, आणि ती दर वेळी कंपनीची. पंपावर, चाकांवर, गटारांच्या झाकणांवर ती अजून देशभर फिरत असतील. त्यांत त्यांचं स्वतःचं नाव एकदाही नव्हतं आणि ते असावं असं त्यांना कधी सुचलंही नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. भर गर्दीत आले, तरी त्यांनी ते पुसले नाहीत.

परीक्षक पुढे गेले. लहानूंनी चष्मा लावला, टरेट हातात घेतलं आणि उजेडाकडे तिरपं धरलं.

"'ल' वाकडा बसला," ते म्हणाले. "पुढच्या वेळेस मले विचारजो."

"विचारीन ना," शर्मिष्ठा म्हणाली. "पुढचा रणगाडा कोणता घ्यायचा, तेच विचारायचं होतं."