हाड

मास्तरीणबाईंनी बाही कोपरापर्यंत सारली आणि भुश्या जेवत असतानाच त्याच्या ताटलीत सरळ हात घातला. भुश्याने मान वर केली, त्यांच्या बोटांना लागलेला भात चाटला आणि हात आडवा येत होता म्हणून पलीकडच्या बाजूने खायला लागला.

"ठीक," त्या म्हणाल्या आणि पाटीवर खडूने एक रेघ ओढली. एरवी या पाटीवर गिऱ्हाइकांची मापं असायची. आज तिच्यावर छत्री, बादली, धावणारा माणूस, ताटलीतला हात अशी यादी होती. जनावरांची डॉक्टर रविवारी सकाळी येऊन जे जे करून बघणार होती, ते सगळं गुरुवारी दुपारपर्यंत करून झालं होतं. बाईंनी त्याच्या तोंडासमोर फाडकन छत्री उघडली, तेव्हा तो शिंकला. बादली आपटली, तर तिच्यात डोकं घालून बघून आला. एवढा अगडबंब रॉटवायलर, आणि स्वभाव म्हणाल तर शेळीचा.

मग मंगळवारी काय झालं, हेच त्यांना कळत नव्हतं.

मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या आणि भुश्या मोकळा होता. काकू ओरडल्या तसा तो त्यांच्याकडे धावला. त्या आणखी ओरडल्या, तो आणखी जोरात धावला. दोन्ही पाय त्यांच्या छातीवर, काकू जमिनीवर, मनगट प्लास्टरमध्ये. चावा मात्र एकही नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. पण ते कोण ऐकून घेतो? संध्याकाळी सोसायटीच्या अध्यक्षांनी कागद आणून दिला. रविवारी डॉक्टर तपासतील, धोकादायक ठरला तर पालिकेची गाडी त्याला घेऊन जाईल. ती गाडी कुत्री परत आणत नाही, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुमचा दोष नाही हो," अध्यक्ष जाता जाता म्हणाले. "जातच तशी. त्याला तुम्ही तरी काय करणार?"

बाईंच्या हातातली सुई थांबली. हे वाक्य त्यांनी जन्मात बऱ्याचदा ऐकलं होतं, आणि तेव्हा विषय कुत्र्याचा नव्हता. तेव्हा त्या गप्प बसल्या होत्या. या खेपेला नाही बसायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. डॉक्टरणीला फोन करून तपासणीत काय काय करणार आणि जातीचं हे खरं का, ते त्यांनी विचारूनच घेतलं. ती बिचारी सरळ बोलली. जातीने जबडा मोठा मिळतो हे खरंच आहे, पुढचं मला बघावं लागेल, म्हणाली.

भुश्या मुळात त्यांच्या दादाचा. दादा लाकडाच्या वखारीवर राखणदार होता. पिल्लू भुशाच्या ढिगात झोपायचं म्हणून भुश्या. दोन महिन्यांपूर्वी दादा गेला, आणि पाच वर्षांचा हा कुत्रा शिलाई मशीनखाली राहायला आला. दादाने त्याला कसं वाढवलं, काय शिकवलं, बाईंनी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला दादा नव्हता. म्हणून त्या गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून वखारीवर गेल्या.

आरा चालवणाऱ्या म्हाताऱ्याने यंत्र बंद केलं आणि कानातला कापूस काढला. काकूंची हकीकत त्याने शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "त्या बाई काय म्हणून ओरडल्या?"

"हाड, हाड म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?"

"हात वर केला असेल."

"पिशवीचा. का?"

म्हातारा हसायला लागला. त्याने सांगितलं ते असं. रोज दुपारी खाटीक येताना पिशवीभर हाडं आणायचा. दादा अंगणाच्या या टोकाला उभा राहायचा, हात उंच करायचा आणि हाळी द्यायचा, "हाऽड!" भुश्या जिथे असेल तिथून सुसाट यायचा, दादाच्या छातीवर पाय ठेवायचा, आणि मग हाड मिळायचं. पाच वर्षांत एक दिवस चुकला नाही. वखारीच्या बाहेर तो कधी पडलाच नाही, त्यामुळे जगात बाकीचे लोक हाच शब्द कशासाठी वापरतात, ते त्याला कुणी सांगितलंच नाही.

परतीच्या वाटेवर बाईंना आधी हायसं वाटलं, मग पुढचं दिसायला लागलं. अध्यक्षांना हे सांगितलं तर ते हसतील. आणि रस्त्यातला प्रत्येक माणूस कुत्रं दिसलं की हात उगारून हाडच म्हणणार. कुणाकुणाला आवरायचं? त्यापेक्षा कुत्र्यालाच आवरलेलं बरं. जगाला कळतो तो अर्थ भुश्याला शिकवायचा, दोन दिवसांत.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कापड मोजायची लाकडी पट्टी हातात घेतली. कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून त्या मास्तरीण. आयुष्यात कुणाला छडी दाखवली नव्हती, ती साठीला आल्यावर दाखवायची वेळ आली. त्यांनी हात वर केला, हाड म्हटलं, आणि भुश्या आनंदाने धावत येताच पट्टी फरशीवर खाडकन आपटली. तो दचकून थांबला. मग शेपटी हलवत दुसऱ्या बाजूने आला. पुन्हा पट्टी. तिसऱ्यांदा तो खाली बसला, सरपटत आला आणि त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून वर बघायला लागला. बाईंनी पाय काढून घेतला. दिवसभरात चाळीसेकदा तरी झालं असेल. त्याला एकदाही मारलं नाही, एवढंच त्या स्वतःला बजावत राहिल्या.

शनिवारी दुपारपासून तो यायचा बंद झाला. हाड म्हटलं की जागेवर थांबायचा. जमलं की, असं बाईंना वाटलं. पक्कं व्हावं म्हणून संध्याकाळी त्यांनी पुन्हा एकदा हात उगारला. भुश्या कोपऱ्यात सरकला, शेपटी पायांत गेली आणि त्याचा वरचा ओठ हळूहळू वर चढला. सगळे दात दिसले. घशातून खरखर आली. दोन महिन्यांत बाईंनी ते दात असे एकत्र कधी पाहिले नव्हते.

त्यांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी पट्टी मशीनवर ठेवून दिली आणि भुश्यापासून लांब, फरशीवरच बसल्या. त्यांना स्वतःची एवढी लाज वाटत होती की दिवा लावायचंही सुचलं नाही. पण रविवार काही पुढे जाणार नव्हता, आणि भुश्याला घेऊन पळून जाणंही त्यांना मान्य नव्हतं. उठून त्या खाटकाकडे गेल्या.

रविवारी आवारात डॉक्टरणीने भुश्याला लांब दोरीने खांबाला बांधलं. छत्री झाली, बादली झाली, ताटलीत हात झाला. भुश्याने जांभई दिली. फाटकाबाहेर काकूंशेजारी उभ्या अध्यक्षांचा चेहरा उतरत चालला. एवढ्यावर तपासणी संपलीही असती. डॉक्टरणीने पेन काढलंच होतं.

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. "काकूंनी केलं होतं तसं करा. हात वर करून हाड म्हणा."

डॉक्टरणीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, हात वर केला आणि म्हणाली, "हाड!"

भुश्या मागे सरकला. ओठ वर गेला, खरखर आली. काकूंनी प्लास्टरचा हात पोटाशी धरला, आणि अध्यक्ष बाजूच्या माणसाला म्हणाले, "सांगत नव्हतो? जातच तशी."

बाई दोरीच्या टप्प्यात शिरल्या. डॉक्टरणीने थांबा म्हटलं, तरी थांबल्या नाहीत. भुश्यापासून दोन हातांवर त्या खाली बसल्या, हात वर केला आणि आवाज न चढवता, दादासारखा लांबवून म्हणाल्या, "हाऽड."

भुश्या हलला नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तो पोट जमिनीला घासत आला आणि आधी दुसऱ्या हातात पट्टी नाही ना ते हुंगून पाहिलं. मग वर केलेल्या हातातलं, खाटकाकडून आणलेलं हाड अलगद दातांत धरलं आणि आपलं सगळं वजन त्यांच्या खांद्यावर टाकलं. बाई पडता पडता वाचल्या.

"हे गुरगुरणं आधीपासूनचं आहे का?" डॉक्टरणीने विचारलं. "तुमच्या भावाकडचं?"

हो म्हणणं सोपं होतं. दादा काही नाही म्हणायला येणार नव्हता.

"नाही," बाई म्हणाल्या. "कालचं आहे. मी शिकवलं." आणि हाडं, वखार, पट्टी, सगळं सगळ्यांदेखत सांगितलं.

"किती दिवस लागले?"

"दोन."

डॉक्टरणी बराच वेळ लिहीत होती. मग तिने कागद अध्यक्षांच्या हाती दिला. कुत्रा यांच्याकडेच राहील, म्हणाली. दोन दिवसांत गुरगुरायला शिकला, तर महिन्याभरात विसरेल. मी पुन्हा येऊन बघेन.

अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यांचा आवाज आता जरा खाली आला होता.

"आणि तोवर आमच्या अंगावर धावून आला तर? आम्ही काय म्हणायचं त्याला?"

बाईंनी भुश्याची दोरी सोडली आणि उठून उभ्या राहिल्या.

"हाडच म्हणा," त्या म्हणाल्या. "फक्त हात रिकामा ठेवू नका."